पेरणी मृगाकडे पाहून की कापणीकडे? म्हसळ्याच्या भातशेतीचे बदललेले गणित

रोहिणीत राब भाजायचा, मृगाच्या आगेमागे बी टाकायचे आणि आर्द्रा-पुनर्वसूत लावणी उरकायची. म्हसळा तालुक्यात भातशेतीचे हे वेळापत्रक कुणाला शिकवावे लागत नव्हते. २०२५ च्या मे महिन्याने ते विस्कटून टाकले. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि अवघ्या दोन दिवसांनी, २६ मे रोजी, मुंबईत पोहोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. १९५० नंतरच्या नोंदींत मुंबईत इतक्या लवकर मान्सून आला नव्हता. त्याआधीही मेच्या मध्यापासून कोकणात वळवाचे पाऊस सुरूच होते. भाजायला रचलेला राब भिजला, धूळवाफेवर पेरायचे तर धूळच उरली नव्हती आणि शेतात ट्रॅक्टर घालायला वाफसा मिळेना. मग आलेला पाऊस मेच्या अखेरीस थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची चाल रेंगाळली. घाईने बी टाकणाऱ्यांची आणि वाट पाहणाऱ्यांची, दोघांचीही परीक्षा झाली.

असे वर्ष पुन्हा येईल की नाही, हे सांगत बसण्यात अर्थ नाही. पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात शेतकऱ्याच्या हातात असलेले निर्णय कोणते आणि ते कशाच्या आधारावर घ्यायचे, याचा विचार त्या वर्षामुळे नव्याने करावा लागतो.

पाऊस लवकर आला, तर पेरणीही लवकर करावी का?

सरसकट नाही. भाताची जात निवडताना आणि बी टाकताना सगळे लक्ष पावसाच्या आगमनाकडे असते. नुकसान मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला, म्हणजे कापणीच्या वेळी होते. उभे पीक लोळते, कापलेले भात मळणीआधीच शेतात भिजते, दाण्याला कोंब फुटतात. म्हणून हिशेब उलटा मांडावा लागतो: आधी कापणी कधी यायला हवी ते ठरवायचे आणि तिथून मागे मोजत पेरणीपर्यंत यायचे.

हा हिशेब बोटांवर होतो. १० जूनला बी टाकले, तर १०५ दिवसांची हळवी जात २३ सप्टेंबरला तयार होते, १२० दिवसांची ८ ऑक्टोबरला आणि १३५ दिवसांची गरवी जात २३ ऑक्टोबरला. हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे वाडवडिलांच्या काळात हळवे भात पावसाच्या शेवटच्या सरींबरोबर पिकत होते, तर आज तेच भात भर पावसात कापणीला येते. पाऊस लवकर आला म्हणून तीच १०५ दिवसांची जात २५ मे रोजी पेरली, तर ती ७ सप्टेंबरला पिकेल. २०२५ मध्ये हा दिवस अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी येत होता. गणपती विसर्जन करून आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी विळा हातात घ्यायचा, तोही पावसात, आणि कापलेले भात वाळवायचे कुठे, तर घराच्या पडवीत.

याचा अर्थ सगळ्यांनी गरवे भात लावावे असाही नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होते. ते किनाऱ्यावर आले नाही, पण त्याच्या पावसाने कोकणात कापणीला आलेल्या भाताची दाणादाण उडवली. उशिराची तारीखही सुरक्षित असतेच असे नाही. शिवाय गरव्या जातीला शेवटपर्यंत पाणी लागते आणि डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत ते टिकत नाही. एकाच जातीवर सगळे शेत लावणे म्हणजे एकाच तारखेवर सगळा पैसा लावण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे तीन-चार खाचरे आहेत, त्यांनी निदान दोन कालावधींच्या जाती घेतल्या, तर एका पावसात सगळे जाण्याचा धोका कमी होतो.

मग कोणत्या शेतात कोणती जात?

म्हसळ्यात एकाच शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर तीन तऱ्हेची जमीन असू शकते: डोंगरउताराची वरकस, पाणी धरणारी सखल खाचरे आणि राजपुरी खाडीच्या बाजूची खार. तालुक्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो या तिन्ही जमिनींत सारखा राहत नाही. घोणसे घाटाकडच्या उतारावरून पाणी दोन दिवसांत निघून जाते. सखल खाचरात ते ऑक्टोबरपर्यंत हटत नाही.

वरच्या बाजूच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांना हळवी जात लागते. कर्जत-१८४ साधारण १०० ते १०५ दिवसांत, रत्नागिरी-१ त्याहून आठवडाभर उशिरा तयार होते. कर्जत-३ ही कोकणात सर्वाधिक ओळखीची जात ११५ ते १२० दिवस घेते आणि मध्यम खाचरांत ती बरी बसते. त्याहून खोल जमिनीला कर्जत-५ सारखी निमगरवी आणि कायम पाणी असलेल्या सखल भागाला कर्जत-२ सारखी गरवी जात योग्य. या जाती दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत आणि रत्नागिरीच्या संशोधन केंद्रांत तयार झाल्या आहेत. नावापुढचा आकडा मोठा म्हणजे जात अधिक चांगली, असा समज दुकानाच्या फळीसमोर उभे राहिल्यावर सहज होतो. त्याला आधार नाही. आकडा नव्हे, दिवस विचारावेत.

हळव्या भाताच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. भात लवकर निघाले की जमिनीतल्या ओलाव्यावर वाल घेता येतो आणि कडव्या वालाला रायगडात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ज्या खाचरात दरवर्षी वाल पेरला जातो, तिथे गरवे भात घेऊन तो महिना घालवणे परवडत नाही. अशा ठिकाणी हळवी जातच घ्यावी, फक्त तिची पेरणी मेअखेरीस न करता जूनच्या मध्याकडे सरकवावी. १५ जूनला पेरलेली ११५ दिवसांची जात ८ ऑक्टोबरच्या सुमारास येते. वालालाही उशीर होत नाही.

वरकस जमिनीचा विचार भाताच्या घाईत मागे पडतो. पूर्वी तिथे नाचणी आणि वरी असायची, आज अनेक उतार मोकळे पडले आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने साध्या भाताला क्विंटलला २,३६९ रुपये आणि नाचणीला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर केला. आकडा दुपटीहून अधिक आहे. अर्थात जवळ खरेदी केंद्र नसेल तर तो कागदावरच राहतो, आणि रानडुकरे व वानर हमीभाव वाचत नाहीत. तरी घरच्या भाकरीपुरती आणि थोडी विकण्यापुरती नाचणी लावायला खर्च फार नाही. रोप लावून हेक्टरी चार-पाच किलो बी पुरते. दापोली-१ ही विद्यापीठाची जात मिळत असेल तर रोपवाटिका भाताबरोबरच टाकावी.

राब भाजायलाच हवा का?

राबाची पद्धत उगाच पडलेली नाही. शेण, पालापाचोळा, कवळ आणि माती यांचे थर रचून जाळले की तणाचे बी मरते, राख मिळते आणि रोपे जोमाने येतात. पण त्यासाठी फांद्या तोडायच्या, वाहायच्या, रचायच्या, आणि नेमक्या जाळायच्या वेळी पाऊस आला की सगळे वाया. शिवाय जे शेण आणि पाला जमिनीत कुजून वर्षभर उपयोगी पडला असता, तो एका दुपारी धूर होऊन जातो. माणसे कमी झालेल्या गावात ही पद्धत चालू ठेवणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

पर्याय आहे तो गादीवाफ्याचा. एक ते सव्वा मीटर रुंद, आठ-दहा सेंटीमीटर उंच वाफे आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी निघून जायला चर. कोकणच्या पावसात या चराचे महत्त्व बियाण्याइतकेच आहे. पाणी साचलेल्या वाफ्यात रोपे पिवळी पडतात आणि मग खताला दोष दिला जातो. गुंठ्याला साधारण २५० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जवळच्या भातगिरणीतून तूस मिळत असेल, तर ते अर्धवट जाळून झालेली काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात वाफ्यात घालावी. तिच्यातल्या सिलिकामुळे रोपे ताठ होतात आणि किडीला कमी बळी पडतात. राबातली राख जे काम करत होती, त्यातला बराचसा भाग ही राख करते. तण मात्र हाताने काढावे लागते, हे कबूल करायला हवे.

एका एकराच्या लावणीला चार गुंठे रोपवाटिका पुरते. मध्यम दाण्याच्या जातीचे १४ ते १६ किलो बी लागते. प्रत्यक्षात अनेक जण याच्या दुप्पट बी टाकतात. दाट पेरलेली रोपे उंच, बारीक आणि कमकुवत होतात आणि लावणीनंतर पहिल्या जोरदार पावसात झोपतात. जास्त बी म्हणजे जास्त रोपे असे होत नाही.

बी कधी आणि किती टाकायचे?

२०२५ चा सर्वांत उपयोगी धडा इथे आहे. सगळे बी एका दिवशी टाकू नये. निम्मे एकदा आणि उरलेले आठ-दहा दिवसांनी, अशा दोन टप्प्यांत रोपवाटिका केली, तर मधेच पाऊस थांबला किंवा अतिवृष्टीने वाफा वाहून गेला, तरी हातात काहीतरी उरते. रोपे वेगवेगळ्या वयाची असल्याने लावणीचाही ताण विभागतो.

यात एक अडचण आहे आणि ती शेतीची नाही, माणसांची आहे. म्हसळ्यात घरटी कुणी ना कुणी मुंबईत, नाही तर आखातात कामाला आहे. लावणीला मुंबईहून येणाऱ्यांना दोन-चार दिवसांचीच रजा मिळते आणि त्या दिवसांत सगळी रोपे तयार असावी लागतात. अशा कुटुंबाला टप्प्याटप्प्याची रोपवाटिका सोयीची नाही. त्यांनी एकट्याने हे करण्यापेक्षा वाडीतल्या चार घरांनी मिळून ठरवावे: दोघांचे बी आधी, दोघांचे नंतर, आणि लावणीला एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने जायचे. ही पद्धत कोकणाला नवी नाही. मजुरी द्यायला पैसे नव्हते, तेव्हा सगळी लावणी अशीच होत होती.

धूळवाफेला संधी मिळाली नाही तर रहू टाकावा. म्हणजे बी २४ तास पाण्यात भिजवायचे, मग ओल्या गोणपाटाखाली दीड दिवस दडपून ठेवायचे आणि कोंब डोकावले की चिखल केलेल्या वाफ्यावर फेकायचे. कोंब लांब होऊ देऊ नयेत, फेकताना मोडतात. टाकल्यानंतर पहिले तीन-चार दिवस जोराची सर येणार नाही असा अंदाज पाहूनच हे करावे. हवामान विभागाची जिल्हावार कृषी सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, मोबाइलवर ‘मेघदूत’ ॲपमध्ये ती मराठीत वाचता येते. ही पत्रिका संपूर्ण रायगडसाठी असते आणि खोपोलीचा पाऊस म्हसळ्यात पडत नाही, ही तिची मर्यादा. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्यांची आकडेवारी पीक विम्यासाठी वापरली जाते, पण त्याच शेतकऱ्याला पेरणीआधी ‘तुमच्या मंडळात आजवर इतका पाऊस झाला’ एवढे साधे मराठी वाक्य मोबाइलवर पोहोचवण्याची तत्परता यंत्रणेने दाखवायला हवी. यंत्र बसवण्यापेक्षा हे काम कमी खर्चाचे आहे.

रोपाचे वय मोजण्याची एक सोपी रीत आहे. जात जितक्या महिन्यांची, तितक्या आठवड्यांचे रोप. साडेतीन महिन्यांच्या हळव्या जातीचे रोप साडेतीन आठवड्यांत, म्हणजे २५ दिवसांच्या आत, लागले पाहिजे. पाऊस लांबून रोप जून झालेच, तर एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे घ्यावीत आणि अंतर थोडे कमी करावे. जून रोपाला फुटवे कमी येतात, त्याची भरपाई अशीच होते.

घरचे बियाणे चालेल का?

चालेल, पण तपासून. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने ठेवून ते गुंडाळावे आणि आठवड्याने मोजावे. ८० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर बियाणे चांगले. ६० उगवले तर एकराला १६ किलोऐवजी साधारण २१ किलो लागेल, असा हिशेब करावा. त्याखाली आकडा आला तर ते भात गिरणीत द्यावे, शेतात नको. ही तपासणी मेमध्ये केली तर दुसरे बी आणायला वेळ असतो. जूनमध्ये केली तर फक्त हळहळ करता येते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्यात घरांची छपरे उडाली. तारीख पाहिली तर लक्षात येते की ते पेरणीच्या तोंडावर आले होते, म्हणजे बियाणे घराघरांत कणगीत आणि पोत्यांत असण्याचे दिवस. बियाणे झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर फळीवर ठेवणे ही दोनशे-पाचशे रुपयांची काळजी आहे.

पेरणीआधी मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करायला काहीच खर्च येत नाही आणि तरी तीच सर्वांत जास्त टाळली जाते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावे. पोचट दाण्यांबरोबर रोगट दाणेही निघून जातात. नंतर किलोला अडीच ते तीन ग्रॅम थायरम चोळावे. ॲझोटोबॅक्टरसारखे जिवाणू खत लावायचे असेल तर ते सर्वांत शेवटी, पेरायच्या थोडे आधी आणि सावलीत.

विकतचे बी घेताना पक्की पावती, पिशवी आणि पिशवीवरचे लेबल हंगाम संपेपर्यंत सांभाळावे. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे असते. मूठभर बी बाजूला काढून ठेवावे. उगवण झाली नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायच्या तक्रारीला या तीन गोष्टींशिवाय वजन येत नाही.

खाडीकाठच्या शेतांचे काय?

खारगाव हे नावच सांगते की इथली शेते खाडीकडून मिळवलेली आहेत. मेंदडी, वारळ, तुरुंबाडी या बाजूच्या खार जमिनीत भात पिकणे न पिकणे तीन गोष्टींवर ठरते: बांध, उघाडी आणि पहिला पाऊस. उन्हाळ्यात जमिनीतले क्षार वर येऊन पांढरा थर दिसतो. त्यावर थेट बी टाकले तर ते उगवून करपते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी खाचरात साठू द्यावे, ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडावे आणि हे दोन-तीनदा करूनच पेरणी किंवा लावणी करावी. मेमध्ये पाऊस आला तर त्याचा सर्वांत मोठा फायदा या जमिनीला होतो: तिला धुण्यासाठी जास्तीचे दिवस मिळतात. म्हणजे ज्या पावसाने वरच्या शेतकऱ्याचे वेळापत्रक मोडले, तोच खालच्या शेतकऱ्याला हवा होता. फक्त त्या वेळी बांध धड असावा लागतो.

पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत. खारात थोडी मोठी, महिनाभराची रोपे आणि एका चुडात चार-पाच रोपे लावणे चांगले, कारण कोवळे रोप क्षाराला लवकर बळी पडते.

बांधाची गोष्ट मात्र एका शेतकऱ्याच्या हातातली नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एका ठिकाणी खांड पडली की आतल्या सगळ्यांच्या शेतात खारे पाणी जाते. एकदा गेले तर पुढची दोन-तीन वर्षे उत्पन्न घटते. तेवढ्या काळात बांध दुरुस्त झाला नाही तर शेतात कांदळवन उगवते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ते काढण्याचा मार्ग शेतकऱ्याला जवळजवळ बंद आहे. कांदळवन वाचायलाच हवे, किनारा त्याच्याच आधाराने उभा आहे. पण दोन वर्षे बांध दुरुस्त न करणारी यंत्रणा आणि तिसऱ्या वर्षी ‘आता इथे कांदळवन आहे’ असे सांगणारी यंत्रणा, दोन्ही शासनाच्याच आहेत. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे. शासकीय योजनेतल्या बांधांची जबाबदारी कुणाची, हे ठरलेले आहे. मेमध्ये गावाने बांध चालत पाहावा, खेकड्यांची आणि उंदरांची बिळे बुजवावीत, मोठी खांड असेल तर तारखेसह फोटो काढून ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही.

खत वाहून जाते, त्यावर उपाय काय?

तीन हजार मिलिमीटर पावसात फेकून दिलेल्या युरियाचा मोठा हिस्सा बांधावरून खाली जातो, शेजाऱ्याला किंवा खाडीला. म्हणून नत्र एकदम न देता तीन वेळा विभागून देण्याची शिफारस आहे: लावणीला ४० टक्के, फुटव्यांच्या वेळी ४० टक्के आणि फुलोऱ्याच्या आधी २० टक्के. त्याहून नेमका उपाय डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत आहे. जोडओळीत लावणी करून चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी त्याच दिवशी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची. खत मुळांजवळ राहते, पाण्याबरोबर जात नाही. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे एकराला २५ हजार. एवढ्या गोळ्या वाकून हाताने खोचायच्या, हे कागदावर वाचायला सोपे आहे. ज्यांच्याकडे अर्धा-पाऊण एकर आहे आणि घरची चार माणसे आहेत, त्यांना ते जमते आणि फायद्याचे ठरते. इतरांनी निदान बांधावर गिरिपुष्प लावून लावणीआधी आठवडाभर गुंठ्याला ३० किलो ओला पाला चिखलात तुडवावा. राबासाठी रानात फांद्या तोडत फिरण्यापेक्षा बांधावरची फांदी जवळची.

माणसेच नसतील तर रायगडमध्येच विकसित झालेली सगुणा भात पद्धत आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या या पद्धतीत चिखलणी नाही, रोपवाटिका नाही आणि लावणीही नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर ठरावीक अंतराने दाणे टोचायचे, पुढच्या वर्षी तेच वाफे न नांगरता वापरायचे. कष्ट आणि खर्च वाचतो, हे खरे. तणनाशकावरचा भर आणि पहिल्या वर्षी वाफे करण्याची मेहनत, ही तिची दुसरी बाजू. सगळे शेत एकदम बदलण्याऐवजी एका खाचरात करून पाहावे. रोह्याजवळच्या किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात याची विचारपूस करता येते.

विम्याचे नियम बदलले, म्हणजे नेमके काय?

राज्याने २०२३ च्या खरिपात आणलेला एक रुपयाचा पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याला विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के भरावे लागतात. त्याहून महत्त्वाचा बदल भरपाईच्या निकषात होता. २०२५ मध्ये स्थानिक आपत्ती आणि कापणीनंतरचे नुकसान हे घटक वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवली गेली. म्हणजे एकाचे भात आडवे झाले, पण मंडळाचे बरे आले, तर त्या एकाला काही नाही. उतार, सखल आणि खार अशी तीन तऱ्हांची शेते एकाच मंडळात असलेल्या तालुक्याला हा निकष सर्वांत जास्त बोचतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की भातशेती पाण्याखाली जाणे आणि वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान, हे दोन धोके २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेता येतील. भात बुडण्याचा धोका २०१८ मध्ये काढण्यात आला होता. कोकणासाठी दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या आपोआप लागू होत नाहीत. प्राणी आणि जिल्हे राज्याला अधिसूचित करावे लागतात आणि नुकसानीची माहिती ७२ तासांत फोटोसह ॲपवर द्यावी लागते. म्हणून हप्ता भरण्यापूर्वी रायगडच्या अधिसूचनेत काय आहे, हे सेवा केंद्रावर विचारून घ्यावे. ॲप आधीच मोबाइलवर असावे. पाण्यात उभे राहून ते डाउनलोड करायला म्हसळ्याच्या अनेक वाड्यांत नेटवर्क मिळत नाही.

शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर योजना मिळत नाही, आणि ऑगस्टपासून होणारी ई-पीक पाहणी केली नाही तर सातबाऱ्यावर शेत पडीक दिसते. पुढे अतिवृष्टीचा पंचनामा असो की हमीभावाने विक्री, दोन्हीकडे तीच नोंद मागितली जाते. सातबारा मुंबईतल्या भावाच्या किंवा वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि कसणारा वेगळाच, ही कोकणातली नेहमीची स्थिती आहे. संमतीपत्र किंवा वारस नोंद मेमध्ये मार्गी लावली नाही, तर सप्टेंबरमध्ये ती होत नाही.

चिखलात उतरण्यापूर्वी

लेप्टोस्पायरोसिस हा कोकणात लावणीच्या दिवसांतला आजार आहे. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो पायावरच्या लहानशा जखमेवाटे शरीरात जातो. जखम असेल तर ती झाकूनच शेतात जावे, शक्य तिथे गमबूट वापरावेत, घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर ‘लावणीची अंगदुखी’ म्हणून दोन दिवस काढू नयेत. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन आपण शेतात पाण्यात काम करत होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या मिळतात, पण त्या कुणी, किती घ्यायच्या हे आरोग्य केंद्राने ठरवायचे आहे. लावणीला मुंबईहून येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांना ताप येतो तो परत गेल्यावर, आणि तिथल्या डॉक्टरला त्यांच्या पायाला म्हसळ्याचा चिखल लागला होता हे माहीत नसते.